निरोगी माणसाच्या तपासण्या : काय मोजावे आणि कशासाठी

कोणतीही तक्रार नसलेल्या प्रौढ माणसाची तपासणी आणि दुखणे घेऊन आलेल्या रुग्णाची तपासणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जिना चढताना छातीत कळ येते म्हणून काढलेला ईसीजी निदानासाठी असतो. सवलतीच्या पॅकेजात आला म्हणून काढलेला ईसीजी चाळणीसाठी. रुग्णाला आजार असण्याची शक्यता आधीच बरीच असते, त्यामुळे चाचणीच्या उत्तराला वजन येते. निरोगी माणसाच्या बाबतीत ती शक्यता फार थोडी असते, आणि मग तीच चाचणी खऱ्या उत्तरांपेक्षा खोटे इशारेच अधिक देऊ शकते. पुढील विवेचन आहे ते फक्त चाळणीच्या तपासण्यांचे आणि त्यांच्या जोडीने येणाऱ्या सवयींचे व लसींचे. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, विनाकारण उतरलेले वजन, शौचावाटे पडणारे रक्त अशी तक्रार असलेल्याला हे नियम लागू नाहीत. त्याने थेट डॉक्टरांकडे जावे.

चाळणी कोणत्या आजाराची करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली मांडले. त्या दहा निकषांचा मथितार्थ असा : आजार गंभीर हवा, लक्षणे दिसण्याआधीची त्याची अवस्था ओळखता यायला हवी, चाचणी सोपी आणि लोकांना पटणारी हवी, आणि ज्याच्यात दोष सापडेल त्याच्यासाठी उपचार व उपचाराची सोय हवी. अर्धे शतक उलटून गेले तरी हे निकष जुने झालेले नाहीत. बाजारातील बहुतेक पॅकेजे त्यांतील शेवटच्या निकषावरच नापास होतात. रिपोर्ट मोबाइलवर येऊन पडतो. पुढे काय करायचे, याचे उत्तर त्यात नसते.

वार्षिक तपासणीचा हिशेब

दरवर्षी एकदा आपादमस्तक तपासून घ्यावे ही कल्पना अमेरिकेत १९२० च्या दशकात रुजली. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने तिला पाठिंबा दिला, विमा कंपन्यांनी तिचा प्रसार केला. १९७९ मध्ये कॅनडाच्या तज्ज्ञगटाने मात्र ही सरसकट वार्षिक तपासणी सोडून द्यावी आणि वय व लिंग पाहून मोजक्याच चाचण्या कराव्यात, अशी शिफारस केली. पुढच्या काळातील पुराव्याने त्या गटाचीच बाजू बळकट केली. २०१९ मध्ये अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १७ अभ्यास आहेत. त्यांपैकी आकडेवारी उपलब्ध असलेल्या अभ्यासांत अडीच लाखांवर लोक होते. सर्वसाधारण तपासणीला बोलावलेल्यांचे आणि न बोलावलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. डेन्मार्कमधील ‘इंटर९९’ या अभ्यासात तपासणीच्या जोडीला समुपदेशनही होते. सुमारे साठ हजार लोकांच्या दहा वर्षांच्या नोंदींत हृदयविकार त्यानेही कमी झालेला दिसला नाही.

हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लावणे मात्र चुकीचे ठरेल. हे अभ्यास झाले ते युरोप-अमेरिकेत. तिथे सर्दीसाठी गेलेल्या माणसाचाही रक्तदाब कुटुंबाचा डॉक्टर मोजून ठेवतो, म्हणजे कामाच्या तपासण्या दोन्ही गटांत आधीच होत होत्या. इथे वाढलेला रक्तदाब किंवा साखर अंगात असूनही त्याचा पत्ता नसलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. म्हणून या पुराव्याचा अर्थ ‘तपासू नका’ असा होत नाही. ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे अशा चार-सहा गोष्टी ठरल्या वेळी मोजाव्यात आणि त्यावर साठ गोष्टींचा भार चढवू नये, इतकाच तो होतो.

साठ गोष्टींचा भार नुसता निरुपयोगी नसतो, तो अपायही करू शकतो, आणि त्यामागे साधे गणित आहे. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ म्हणून छापलेली मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभरातील पाच धडधाकट माणसे मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर सगळी उत्तरे मर्यादेत येण्याची शक्यता ३६ टक्के उरते. बाकीच्या ६४ टक्के निरोगी लोकांच्या रिपोर्टवर कुठे ना कुठे ठळक अक्षर किंवा बाण उमटतो. त्या बाणापायी सोनोग्राफी, सोनोग्राफीत दिसलेल्या गाठीपायी सीटी स्कॅन, आणि तोवर घरातील सगळ्यांची झोप उडालेली. पॅकेजातील चाचण्यांची संख्या फुगवण्याची युक्तीही इथेच सांगून टाकावी : रक्तपेशींची एकच तपासणी, सीबीसी, तिच्यातील वीस-बावीस आकडे सुटे सुटे मोजून ‘वीस चाचण्या’ म्हणून विकली जाते.

अतितपासणी किती दूर जाऊ शकते हे दक्षिण कोरियात दिसले. तिथे इतर तपासण्यांच्या जोडीने स्वस्तात गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. आयुष्यभर गप्प बसल्या असत्या अशा बारीक गाठींपायी हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांना जन्मभर गोळ्या लागल्या.

रक्तदाब

एकच गोष्ट मोजायची मुभा असेल तर ती रक्तदाब असावी. चाचणीला सुई लागत नाही, खर्च जवळजवळ नाही, उपचार स्वस्त आहे आणि त्याचा फायदा निर्विवाद सिद्ध झालेला आहे. ४८ औषधचाचण्यांतील सुमारे साडेतीन लाख लोकांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, वरचा रक्तदाब केवळ ५ अंकांनी उतरला तरी हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी घटतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘बीपी वाढले की डोके दुखते, गरगरते’ हा घरोघरी असलेला समज सर्वांत घातक. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही. म्हणून अठरा वर्षांवरील प्रत्येकाने तो अधूनमधून आणि तिशी-चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजावा. भारतात दवाखान्यातील १४०/९० ही निदानाची रेषा मानली जाते. अमेरिकेने २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली. घरी मोजताना १३५/८५ च्या वरचे आकडे वाढलेले धरतात, कारण डॉक्टरांसमोर अनेकांचा रक्तदाब उगीचच चढतो.

मोजण्याची रीत मात्र दवाखान्यातही क्वचितच पाळली जाते. जिना चढून आलेल्या माणसाच्या शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळून, त्याच्याशी बोलत बोलत घेतलेला आकडा भरवशाचा नसतो. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर, छातीच्या उंचीला असावा. पट्टा उघड्या दंडाला बांधावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. दोन वेळा मोजून सरासरी घ्यावी आणि पहिल्याच दिवशी शिक्का मारून घेऊ नये. फारच वाढलेला नसेल तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून मगच निदान करतात. घरासाठी यंत्र घ्यायचे तर दंडावर बांधायचे घ्यावे, मनगटावरचे नको.

निदानानंतरचा टप्पा अधिक अवघड असतो. गोळ्या सुरू झाल्या, आकडा उतरला, ‘आता बरे आहे’ म्हणून गोळ्या बंद केल्या, ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की सरकारी कार्यक्रमांची रचनाच तिच्याभोवती करावी लागली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम ज्या पाच राज्यांत आधी सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक स्वस्त गोळ्यांचा ठरावीक क्रम, महिनाभराचा साठा एकदम हातात, पाठपुरावा डॉक्टरांऐवजी परिचारिकांकडे आणि गोळ्या शक्य तितक्या घराजवळच्या केंद्रात, अशी त्याची साधी मांडणी आहे. त्यात नव्या शोधाचे काही नाही; गोळी चुकू नये यासाठी लागणारी व्यवस्था आहे, आणि उणीव होती ती तिचीच.

मीठ

रक्तदाबाशी सर्वांत जवळचे नाते मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. ते सपाट भरलेला एक लहान चमचा होते. भारतीय माणसाच्या पोटात साधारण त्याच्या दुप्पट जाते. घरचा अंदाज काढणे सोपे आहे. चौघांच्या कुटुंबाला ५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरायला हवे. तेवढ्यात किलोची पिशवी संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर जाते, आणि त्यात बाहेरचा वडापाव, फरसाण, बिस्किटे, पावातले मीठ धरलेलेच नाही.

पाश्चात्त्य देशांत मीठ मुख्यतः पाकीटबंद पदार्थांतून येते, त्यामुळे तिथे कारखान्यांवर दबाव आणून ते कमी करता येते. मराठी घरात ते अजून बरेचसे स्वयंपाकाच्या ओट्यावरच पडते : आमटीत, भाकरीच्या पिठात, ताटाच्या डाव्या बाजूच्या लोणच्या-चटणीत, पापडात, कोकणात सुकटीत आणि खाऱ्या मासळीत. कमी करायचे ते इथेच, आणि हळूहळू. काही आठवड्यांत जीभ सरावते. सैंधव किंवा काळे मीठ घेतल्याने फार काही साधत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. शिवाय आयोडीन न मिसळलेले घेतले तर आयोडीनही हुकते.

मिठाचा प्रकार बदलून काही साधायचे असेल तर पुरावा एकाच प्रकाराला आहे. चीनमधील ६०० खेड्यांत, सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या खेड्यांना सुमारे पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले होते. तिथे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघाले. असे ‘लो सोडियम’ मीठ भारतातही मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातले पोटॅशियम बेताबाहेर वाढले तर हृदयाची लय बिघडते.

साखर आणि कंबर

‘इंडियाब’ पाहणीने देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे तिथल्या चारांपैकी एका प्रौढाला मधुमेह आहे.

भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही मधुमेहाकडे का झुकतो, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्याच दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही सडपातळ म्हणत होता. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटाभोवती, ही ठेवण भारतीयांत जन्मापासूनच आढळते असे याज्ञिकांच्या गटाने नवजात बालकांच्या मोजमापांतून दाखवले.

याचा व्यवहारातला अर्थ असा की भारतीयांनी वजनापेक्षा कंबरेवर लक्ष ठेवावे आणि परदेशी कोष्टके बाजूला ठेवावीत. बीएमआय २३ पासूनच वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर, स्त्रियांसाठी ८०. टेप लावायची ती पँटच्या पट्ट्याच्या जागी नव्हे. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावे. पँटचा नंबर ३४ असलेल्या अनेकांची कंबर अशी मोजल्यावर ३८ इंच भरते, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

साखर तपासण्याचे वय सरकारी कार्यक्रमात ३० धरले आहे, आणि भारतासाठी ते योग्यच आहे. आईवडिलांना मधुमेह, वाढलेली कंबर किंवा गरोदरपणात वाढलेली साखर असा इतिहास असेल तर त्याहून आधी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. तक्रार नसेल तर पुन्हा तपासून खात्री करावी लागते. एचबीए१सी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ‘तीन महिन्यांची साखर’, उपाशी राहावे लागत नसल्याने सोयीची. पण तांबड्या पेशींत दोष असेल तर ती फसवते. पंडुरोग, थॅलेसेमिया आणि विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल या स्थितींत तिच्यावर विसंबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला, तेव्हा ही सूचना मूठभरांपुरती नाही.

मधुमेहपूर्व अवस्था सापडल्यावर काय होते, यावर भारतातलाच पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशा ५३१ लोकांवर केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार-व्यायामाचा नेटाने पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. सुधारणा खरी, पण शंभरातले ३९ मधुमेही झालेच, हेही विसरता येत नाही. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. साखर पुन्हा तपासत राहणे मात्र आवश्यक आहे.

बाकीचे रक्त

चरबीची तपासणी, म्हणजे लिपिड प्रोफाइल, तिशी-चाळिशीत एकदा करावी. चांगली आली तर काही वर्षांनी पुन्हा. ती दरवर्षी लागत नाही आणि बहुतेकांना त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नसते. घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल तर ती लवकर करावी. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. मधुमेह्यांनी डोळ्यांत थेंब घालून त्यांचा पडदाही पाहून घ्यावा. लोक चष्म्याचा नंबर काढून घेतात आणि पडदा तपासल्याचे समजतात. चाळिशीनंतर काचबिंदूसाठी डोळ्यांतील दाब मोजून घेणे शहाणपणाचे.

ड जीवनसत्त्वाची चाचणी पॅकेजची शान असते. तक्रार नसलेल्या लोकांनी ती सरसकट करू नये असा सल्ला अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये दिला. ब१२ ची गोष्ट थोडी वेगळी. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात त्याची उणीव खरोखर असते, तेव्हा त्यांनी एकदा तपासणे वावगे नाही. थायरॉइडचा आकडा किंचित वर दिसला की जन्माची गोळी सुरू होते. पासष्टीपुढच्या लोकांत अशा किंचित वाढीवर गोळी देऊन उपयोग होत नसल्याचे २०१७ मधील युरोपीय अभ्यासाने दाखवले. कर्करोगाचे ‘मार्कर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सीए-१२५, सीईए या रक्तचाचण्या निरोगी माणसाच्या चाळणीसाठी नाहीतच. ज्याला काही होत नाही अशा माणसाला ट्रेडमिलवर धावायला लावणे किंवा त्याचा संपूर्ण सीटी स्कॅन करणे ही तर उधळपट्टी, आणि सीटीमध्ये किरणोत्सर्गाची भर.

जुन्या करपद्धतीत प्रतिबंधक तपासणीवरच्या ५ हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाला वजावट मिळते. मार्चमध्ये लॅबसमोर लागणाऱ्या रांगांचे एक कारण तेही आहे. ती रक्कम खर्च करायचीच असेल तर दंडावर बांधायचे यंत्र आणि आईवडिलांच्या डोळ्यांची तपासणी यांवर केलेली बरी, वजावट मिळो न मिळो.

मनाची तपासणी कुठल्याच पॅकेजात नसते. मागच्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटत होते का, आणि कशातच रस वाटत नव्हता का, हे दोनच प्रश्न नैराश्याच्या चाळणीला पुष्कळ उपयोगी पडतात. बाळंतिणीला आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ते आवर्जून विचारावेत.

तंबाखू आणि चालणे

तंबाखू सोडण्याइतका फायदा कोणत्याही तपासणीत नाही. ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे मागोवा घेणाऱ्या रिचर्ड डॉल यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की धूम्रपान तिशीत सोडले तर सुमारे दहा, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन वर्षे आयुष्य वाचते. महाराष्ट्राचा प्रश्न धुराचा कमी आणि चघळण्याचा अधिक आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४ टक्के होते. चुना-तंबाखू, मावा, विदर्भातील खर्रा आणि बायकांची मशेरी हे सगळे त्यात आले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर ती फारशी जाणवत नाही. दात घासायची म्हणून घेतली जाणारी मशेरी ही तंबाखूच आहे हे अनेक घरांत मान्यच केले जात नाही, त्यामुळे ‘व्यसन नाही’ असे सांगणारीलाही डॉक्टरांनी हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे.

व्यायामाचा पुरावा १९५३ पासूनचा आहे. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे आढळले. आजची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल इतपत चालण्याची, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची आहे. स्नायूच कमी असलेल्या भारतीय ठेवणीत हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा, आणि तोच टाळला जातो. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, जोर, बैठका, पाण्याच्या बाटल्या उचलणे, काहीही चालते. दहा हजार पावलांच्या आकड्याचा उगम १९६० च्या दशकातील जपानी पावलेमापक यंत्राच्या प्रचारात आहे. साठीपुढच्या लोकांत सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो आणि मग थांबतो. घरकामात दिवसभर पाय मोडतात म्हणून वेगळ्या व्यायामाची गरज नाही, असे अनेक स्त्रियांना वाटते. तुकड्यातुकड्यांच्या त्या हालचालीचाही उपयोग असतो, पण दम लागेपर्यंत चालण्याची आणि स्नायूंच्या ताणाची जागा ती घेत नाही.

प्रौढांच्या लसी

लस म्हणजे लहान मुलांची, असे समजून प्रौढांच्या लसी राहून जातात. धनुर्वात-घटसर्पाची मात्रा दर दहा वर्षांनी लागते. ज्याची नोंद नाही अशा माणसाला प्रत्येक खरचटण्यावर नवे इंजेक्शन दिले जाते, त्यापेक्षा एक तारीख लिहून ठेवणे सोपे. हिपॅटायटिस ब ची लस देशभरच्या बाललसीकरणात २०११ पासून आहे. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नसते. मधुमेही, दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि साठीपुढचे यांनी फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी किंवा हिवाळ्याआधी घ्यावी. वृद्धांसाठी न्यूमोनियाची लस आहे. नागिणीचीही आहे, ती महाग पडते.

कर्करोगाची चाळणी

भारताच्या सरकारी कार्यक्रमात तीन कर्करोगांची चाळणी आहे : तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. या तिन्हींचा भक्कम पुरावा याच देशात तयार झाला, आणि त्यांपैकी दोन महत्त्वाचे अभ्यास मुंबईचे व एक धाराशिवचा आहे. महाराष्ट्रातच ही गोष्ट फारशी माहीत नसावी, हे आश्चर्य.

तोंडासाठी यंत्र लागत नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात पाहिली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. व्यसन नसलेल्यांत फरक दिसला नाही. तेव्हा ही तपासणी कुणाची करायची, हे त्या निकालानेच ठरवून दिले आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, आणि तीन बोटे आत न जातील इतके कमी उघडणारे तोंड या खुणा आरशातही दिसतात.

स्तनांच्या बाबतीत टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्रशिक्षित सेविकेने दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात फायदा दिसला नाही. मॅमोग्राफीची यंत्रे तालुक्याला पोहोचलेली नाहीत, अशा देशाला हा निष्कर्ष मोलाचा आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग तर जवळजवळ टाळता येण्यासारखा आहे. मुंबईतच टाटा रुग्णालयाच्या दुसऱ्या अभ्यासात, दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे पातळ द्रावण लावून गर्भाशयमुखाची तपासणी करवली. दोषी भाग त्या द्रावणाने पांढरा पडतो. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यातून एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने आठ वर्षांतले मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले : चाचणी न झालेल्या गटात ६४, चाचणी झालेल्या गटात ३४. या अभ्यासांत तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी केली नव्हती, त्यावर नंतर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते हलके नव्हते. निष्कर्ष मात्र जगाने स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटना आज तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी असे सांगते. मुलींसाठी लसही आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती भारतात बनवली आहे. ती घेतलेल्यांनीही पुढे चाचणी करून घ्यायची असते.

प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्तचाचणी मात्र सरसकट करण्यासारखी नाही. निरुपद्रवी कर्करोगच ती अधिक शोधते, आणि शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाण्याची जोखीम असते. पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे.

रक्तदाब, साखर आणि या तिन्ही कर्करोगांची चाळणी तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य आहे; त्यासाठीचा प्रश्नांचा कागद आशाताई घरी येऊन भरून घेतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदाही झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के होते.